दुसऱ्या भागातलं उड्डाण

आम्ही घरच्या घरी मोबाईलवर काढलेल्या सुपरहिरोच्या पिक्चरचा पहिला भाग दौंडच्या रेल्वे कॉलनीतल्या हॉलमध्ये दाखवला, तेव्हा लोक पोट धरधरून हसले. पिक्चर विनोदी नव्हता. माझ्या थोरल्या भावानं, दादानं, टाकीवरून खालच्या गाद्यांवर झेप घेतली, तेवढ्यात लाल झगा शिडीत अडकून टर्रकन फाटला. मोबाईलमध्ये ते तसंच आलं आणि मीही तसंच ठेवलं. पुढच्या रांगेतले रिटायर झालेले इंजिन ड्रायव्हर काका तर हसून हसून डोळे पुसत होते. त्या दिवसापासून दादानं घरात पिक्चरचं नाव काढू दिलं नाही.

वर्षानं मी दुसरा भाग लिहिला, पण हिरो कुठून आणायचा? कुरकुंभच्या कंपनीत पॅकिंगला जाणाऱ्या आमच्या वहिनी भाकरी थापता थापता म्हणाल्या, "भाऊजी, मी करते की."

"तुम्ही?"

"उडायचंच हाय न्हवं? तुमच्या दादापेक्षा वजन कमी हाय माझं."

मग गोष्टच बदलली. हिरोची शक्ती जाते आणि त्याची बायको झगा घालून त्याच्या कामाला लागते. नवा झगा वहिनींनीच शिवला, ओढला की सुटेल असे हूक लावून.

शूटिंग त्यांच्या माहेरी, शिरूर तालुक्यात. ऊस छातीएवढा झाला होता. शेताच्या कडेनं ट्रॅक्टर चालवायचा, ट्रॉलीतून एक लांब फळी उसावर बाहेर काढायची आणि तिच्या टोकाला दुसरी आडवी ठोकून तिच्यावर वहिनींना पालथं बांधायचं, अशी माझी युक्ती. त्यांचे वडील ट्रॅक्टरवर बसेनात.

"लेकीला फळीला बांधून फिरवू व्हय? गाव काय म्हनंल?"

वहिनी म्हणाल्या, "आबा, तुम्ही पहिल्या गिअरात चालवा. पडले तर उसातच पडंन."

आबा कुरकुरत ट्रॅक्टरवर चढले. फळीच्या आतल्या टोकावर वजन हवं होतं. दादा नुसता बघायला आला होता. तो ट्रॉलीत चढला आणि त्या टोकावर मांडी घालून बसला.

पहिल्या फेरीत पात्यांनी वहिनींच्या गालावर ओरखडे काढले. मी म्हटलं, "बास करू." त्या म्हणाल्या, "चेहरा नीट आला का? न्हाई ना? मग चला परत." चौथ्या फेरीला वारा सुटला, झगा फुगला आणि मोबाईलच्या चौकटीत फक्त त्यांचा चेहरा, पुढं ताणलेले हात आणि खालून सरकणारा हिरवागार ऊस राहिला.

हॉल तोच, माणसं तीच. पडद्यावर झगा दिसताच खसखस पिकली. मग उड्डाण आलं. हसणं मधेच थांबलं. एक शिट्टी वाजली, मग इतक्या वाजल्या की पुढचे संवाद कुणालाच ऐकू आले नाहीत. काका खुर्चीवरून उठून ओरडले, "अरं थांबीव! परत दाखीव तेवढं!"

तीन वेळा दाखवलं. दादा भिंतीला टेकून उभा होता. तिसऱ्या वेळी त्यानं तोंडात दोन बोटं घालून अशी शिट्टी मारली की वहिनींनी लाजून पदर तोंडावर घेतला.

दुसऱ्या दिवशी कंपनीची बस आली. कॉलनीतल्या बायका आधीच चढून दारात उभ्या राहिल्या आणि वहिनींना आत घेईनात. "तू कशाला बसतीस? तू ये की उडत!" ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, बायका हसत होत्या, आणि आमच्या वहिनी डबा छातीशी धरून रस्त्यात उभ्या राहून सगळ्यांत मोठ्यानं हसत होत्या.