शालिकराम अढाऊंचा ओटा

अकोल्याहून अमरावतीकडे जाताना मोठा रस्ता सोडून थोडं आत वळलं की एक गाव लागतं. नाव सांगत नाही. छापून आलं तर तिथली नगरपरिषद कात्रण फ्रेम करून लावेल. या गावात शालिकराम अढाऊ राहतात. वय एकाहत्तर. चौतीस वर्षं ते तहसील कचेरीबाहेर निंबाखाली टाइपरायटर घेऊन बसले आणि लोकांचे अर्ज लिहून दिले.

सरकारबद्दलची त्यांची मतं त्या झाडाखालीच तयार झाली. पुस्तकं त्यांनी पुष्कळ वाचली, पण नंतर, आणि मुख्यतः आपलं बरोबर आहे ना हे तपासायला. कुणी स्वतःच्या बांधावरचं झाड तोडायची परवानगी मागायला यायचं, कुणी स्वतःच्या भिंतीवर भिंत चढवायची, कुणी पोरीच्या लग्नात लाऊडस्पीकर लावायची. शालिकराम अर्ज चोख लिहायचे आणि कागद हातात देताना विचारायचे, "काहून बाप्पा, पोरगी तुही का तहसीलदाराची?"

त्यांच्या मते नगरपरिषदेला तीनच कामं होती. पाणी आणणं, घाण नेणं आणि मेलेलं कुत्रं उचलणं. "बाकी लोकाईचं लोकाईले पाहू द्या." वेशीवर स्वागत कमान उभी राहिली त्या दिवशी ते मुद्दाम जाऊन पाहून आले. "येणाऱ्याले रस्ता द्या ना नीट. स्वागत तो आपलं आपलं करून घेईन," म्हणाले. शेजाऱ्यानं विचारलं, "मंग सरकारी दवाखाना?" शालिकरामांच्या पत्नीची, लीलाबाईंची, बीपीची गोळी तिथूनच यायची. "तो राहू द्या," ते म्हणाले. कामं चार झाली.

त्यांच्या घराच्या कोपऱ्यावर जयवंता हातगाडी लावायची. सकाळी पोहे, दुपारनंतर भजे आणि आलूबोंडे. एसटीची वाट पाहणारे लोक प्लेट घेऊन शालिकरामांच्या ओट्यावर बसायचे. याच भज्यांवर जयवंताची मुलगी आकांक्षा अमरावतीला नर्सिंग शिकत होती. शालिकरामांना हा कोपरा म्हणजे आपल्या विचारांचं चालतंबोलतं उदाहरण वाटायचा. ना समिती, ना उद्घाटन. विकणारी आहे, खाणारे आहेत, आणि तिसऱ्याची कुणालाच आठवण येत नाही.

तिसऱ्याला मात्र मागच्या वर्षी त्यांची आठवण आली. नगरपरिषदेनं फेरीवाला क्षेत्र ठरवलं, गुरांच्या बाजारामागे. जागा फुकट, वर टिनाचं छप्पर. गाव तिथून लांब आणि गुरं भजे खात नाहीत, एवढीच अडचण. सगळ्या हातगाड्यांना पंधरा दिवसांची मुदत मिळाली.

जयवंता नोटीस घेऊन आली. "आबाजी, तिथं कोण येईन खायले? पोरीचं आखरी वर्ष हाय."

"तू नको जाऊ," शालिकराम म्हणाले. "उद्यापासून कढई माह्या ओट्यावर मांडजो. रस्ता त्यायचा असन. ओटा माहा हाय. माह्या ओट्यावर कोण बसन, हे मी ठरवीन."

कढई ओट्यावर आली. चौथ्या दिवशी नगरपरिषदेचा कनिष्ठ अभियंता गजेंद्र आला. सभ्य मुलगा. आधी एक प्लेट भजे खाल्ले, मग म्हणाला, "काकाजी, ओट्यावर धंदा नाई चालत. ओटा रस्त्यात येते."

इथे चौतीस वर्षांचा अनुभव आडवा आला. दुसरा कुणी असता तर त्यानं हो-हो म्हणून विषय संपवला असता. शालिकरामांनी लेखी मागणी केली की सदर मिळकतीची रीतसर मोजणी करून हद्द कायम करण्यात यावी. अर्ज इतका नेटका होता की नगरपरिषदेला मोजणी करण्यावाचून इलाज राहिला नाही.

मोजणी झाली. घर हद्दीत होतं, अगदी भिंतीच्या बाहेरच्या कडेपर्यंत. ओटा मात्र पूर्ण, चारही फूट, रस्त्यात होता.

यात नवल काहीच नव्हतं. या भागात घर बांधायची रीतच अशी. आपली हद्द संपते तिथवर घर, आणि तिच्यापुढे नालीवर फरशी टाकून ओटा. त्या गल्लीतले सगळे ओटे असेच आहेत. शालिकरामांच्या वडलांनीही तसंच केलं होतं. हद्दीच्या बाबतीत एवढा काटेकोर माणूस जन्मभर ज्या जागेवर बसून खाजगी मालकीचं महत्त्व सांगत होता, ती जागा सरकारी होती.

गजेंद्रलाच वाईट वाटलं. टेप गुंडाळत तो हळूच म्हणाला, "काकाजी, ओट्याचं मी कागदावर घेत नाई. साऱ्याइचेच हायेत. तुमी फक्त बाईले उठवा. ओटा तुमचा राहीन."

लीलाबाई दारातून ऐकत होत्या. "बरोबर बोलून राहिला तो," त्या म्हणाल्या. त्यांचं पन्नास वर्षांचं संध्याकाळचं बसणं त्या ओट्यावर होतं. तूर निवडणं, लसूण सोलणं आणि समोरच्या घरात कोण आलं ते पाहणं. जयवंता कढईतला झारा तसाच धरून उभी होती.

"तू पाह्यलं?" शालिकरामांनी गजेंद्रला विचारलं.

"काय?"

"ओटा रस्त्यात हाय, हे."

"मी म्हणतो ना, नाई पाह्यलं."

"मी पाह्यलं ना पण." ते लीलाबाईंकडे न बघता म्हणाले. "जे माहं नाई, त्याच्या बदल्यात मी इचं पोट देऊ काय तुले?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी मिस्त्री बोलावला आणि ओटा फोडून घेतला. दोन दिवस लागले, जुनं काम पक्कं होतं. लीलाबाई पहिल्या दिवशी तूर निवडायला आत स्वयंपाकघरात बसल्या. दुसऱ्या दिवशी चहा आपटून ठेवत म्हणाल्या, "जिंदगीभर सरकारले शिव्या देल्या. आता तुमीच बुलडोझर झाले." चहा त्यांनी दिला मात्र.

गल्लीही बिथरली. एकाचा ओटा गेला म्हणजे बाकीचे उघडे पडले. आठवड्याभरात नऊ जणांना नोटिसा आल्या. गावात इतकं अतिक्रमण पूर्वी कधी निघालं नव्हतं आणि ते निघालं नगरपरिषदेच्या सर्वांत जुन्या टीकाकारामुळे. मुख्याधिकाऱ्यांनी सत्काराचा निरोप पाठवला. शालिकरामांनी परत निरोप दिला की शाल नको, नालीतला गाळ काढा.

राहिला जयवंताचा प्रश्न. शालिकरामांनी बैठकीची रस्त्याकडची खिडकी काढली, तिथे शटर बसवलं आणि त्यांची पुस्तकं स्वयंपाकघराशेजारी गेली. कढई आता हद्दीच्या आत, भिंतीच्या आत, निर्विवाद शालिकरामांच्या स्वतःच्या जागेत.

"भाडं काय घ्यान?" जयवंतानं विचारलं.

"भाडं कायचं? बस."

"फुकट नाई बसत मी. फुकट जागा तर नगरपरिषदही देऊन राहिली होती."

हे उत्तर शालिकरामांना इतकं आवडलं की त्यांनी ते पुढे चार ठिकाणी स्वतःचं म्हणून सांगितलं. मग टाइपरायटर काढला आणि स्टँप पेपरवर करार लिहिला. भाडं, अकरा महिन्यांची मुदत, पाणी, शटर कोणी लावायचं, सणाला सुटी कुणी ठरवायची, असं सगळं. उपाहारगृहाची सरकारी नोंदणी आकांक्षानं मोबाइलवर आधीच करून ठेवली होती. तो कागद भिंतीवर लागला तेव्हा शालिकराम दुसरीकडे पाहत होते. जयवंतानं करार मुलीकडून दोनदा वाचून घेतला आणि सही केली.

पहिल्या सकाळी सहाला कढई तापली. तेलाचा नि मिरचीच्या फोडणीचा धूर रस्त्याकडे जायचा सोडून घरात आला. बैठकीतून मधल्या खोलीत, तिथून पुस्तकांत. लीलाबाई पदर नाकाला लावून अंगणात गेल्या. शालिकराम खोकत खोकत उठले, करार काढला आणि पंधराही कलमं वाचली. धुराचं कलम नव्हतं.

"सांगा न तिले," लीलाबाई बाहेरून ओरडल्या. "घर तुमचं हाय!"

"कसं सांगू?" शालिकराम म्हणाले. "अकरा महिने तिचं हाय."

बाहेर एसटी येऊन थांबली होती आणि शटरपुढे सात-आठ जण प्लेटा घेऊन उभे होते. बसायला ओटा नव्हता. जयवंतानं आतून हाक दिली, "आबाजी, पोहे पाठवू काय?"

"पैसे घेजो," शालिकराम डोळे पुसत म्हणाले.