रिकामा कप्पा

रांझीतल्या आमच्या शेजारच्या काकांना एचआयव्ही आहे, हे त्यांनीच मला सांगितलं. काकूंनाही होता; त्या मागेच गेल्या.

संध्याकाळी मोबाइलचा गजर वाजला की काका हातातला चहा ठेवतात आणि वारांचे कप्पे असलेली गोळ्यांची डबी काढतात. तेवढ्यात पिंजऱ्यातला पोपट बोलतो, "घेतली ना जी!" आवाज हुबेहूब काकूंचा. माझ्या अंगावर दरवेळी काटा येतो.

काका गोळी गिळतात आणि रिकामा कप्पा पोपटापुढे धरतात.

काल मी विचारलंच, "काका, त्याला काहून दाखवता?"

"गजर वाजला की तीही हेच म्हणायची, बेटा. मी कधी पाहिलं नाही. गेल्यावर तिची डबी उघडली, तर सगळे कप्पे भरलेले."