सुरंजानचा कंद

यम्ना परकार मूळची श्रीवर्धनची. मुंबईत युनानी वैद्यक शिकली, पण दवाखान्यात तिचं मन कधी रमलं नाही. अरबी चांगली होती, म्हणून शारजातल्या एका खासगी संग्रहालयात तिला नोकरी लागली. ग्रीक हकिमांचे वनस्पतींवरचे ग्रंथ शेकडो वर्षांपूर्वी अरबीत उतरवले गेले. त्यांची हस्तलिखितं वाचायची, कुठल्या पानावर काय आहे ते लिहून ठेवायचं, हे तिचं काम. युनानी म्हणजे युनानचं, ग्रीसचं, हे ती येणाऱ्या प्रत्येकाला हौसेनं सांगायची.

त्या हिवाळ्यात संग्रहालयानं प्रदर्शन भरवलं, तेव्हा दुबईतल्या देऱ्याहून तिचे तय्यबमामू आले. मामू इराणकडे जाणाऱ्या गलबतांचा माल बघायचे. पायाच्या अंगठ्याला गाउटची सांधेदुखी, त्यामुळे एक चप्पल कायम सैल. एका काचपेटीपाशी ते थबकले. आत उघड्या पानावर जांभळ्या फुलाचं चित्र होतं, खाली कांद्यासारखा कंद.

"हे काय गं?"

"सुरंजान. सांधेदुखीवर द्यायचे."

"माझ्यासारख्या?"

"अगदी तुमच्यासारख्या. पण मामू, हे जपून..."

तेवढ्यात तिला कुणीतरी हाक मारली. ती परत आली तोवर मामू फोटो काढून पुढच्या दालनात गेले होते.

पुढच्याच आठवड्यात सकाळी ती कामावर निघाली असताना शहनाझमामीचा फोन आला.

"यम्ना, तुझे मामू पहाटेपासून उलट्या करतायत. पोट तर थांबतच नाही. रात्रीची सुरमई बाधली वाटतं."

"तुम्हीही खाल्लीत ना?"

"सगळ्यांनी खाल्ली. मला काही नाही झालं."

यम्नानं गाडी देऱ्याकडे वळवली. शारजा-दुबई रस्ता नेहमीसारखा तुंबलेला. पुढचा ट्रक इंचभर सरकला की तीही सरकायची. सुरमई सगळ्यांनी खाल्ली आणि एकटे मामूच आजारी, हे काही तिच्या डोक्यातून जाईना.

घरी मामू भिंतीला टेकून बसले होते, ओठ कोरडे पडलेले. ती सरळ स्वयंपाकघरात गेली. सिंकमध्ये एक पातेलं होतं, तळाशी उकळून फुगलेल्या पांढरट चकत्या. तिनं एक उचलून हुंगली आणि ती तशीच हातात घेऊन बाहेर आली.

"मामू, सुरंजान प्यालात?"

"नाही."

"खोटं बोलू नका. किती घेतलंत?"

मामूंनी दाराकडे पाहिलं. मामी बाहेर रुहानला, त्यांच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाला, गाडी काढायला सांगत होती.

"मूठभर उकळलं," ते हळूच म्हणाले. "पण हॉस्पिटलात सांगू नको. जहूरनं दिलं. त्याच्या मसाल्याच्या दुकानात पडलं होतं, गाववाला म्हणून असंच दिलं त्यानं. पोलीस आले तर बिचाऱ्याचं लायसन्स जाईल."

"आणि तुमचा जीव गेला तर?"

तिनं चकत्या पिशवीत भरल्या.

हॉस्पिटलात तिनं पिशवी डॉक्टरांसमोर ठेवली आणि सगळं सांगितलं, जहूरचं नावही. डॉक्टरीण केरळची होती. तिनं मान हलवली, नर्सला सूचना दिल्या. मामूंना सलाईन लागलं, रक्त तपासायला गेलं.

दुपारी उलट्या थांबल्या. मामूंच्या चेहऱ्यावर रंग आला, त्यांनी चहा मागितला.

"खलास, बरा झालो. यल्ला, घरी चला."

"ही इज फाइन, आपा," रुहान म्हणाला. "व्हाय आर वी स्टिल हिअर?"

मामीनं तर पर्स उचललीसुद्धा. यम्ना दारात उभी राहिली.

"मामी, बसा. हे विष असंच फसवतं. पोट शांत होतं, माणूस बरा वाटतो आणि आतून रक्तातल्या पेशी मरायला लागतात. आज घरी नेलंत तर परत आणायला वेळ मिळणार नाही."

"तू घाबरवतेस," मामी म्हणाली.

"हो, घाबरवतेय."

डॉक्टरीणही आत येऊन तेच म्हणाली. मामू चिडले. सही करून जातो, माझा देह माझा, म्हणाले. यम्नानं त्यांचा हात धरला.

"मामू, मी लहान असताना बुडत होते तेव्हा तुम्ही मला केसांना धरून बाहेर ओढलंत. दुखलं म्हणून मी तुम्हाला चावले होते. आठवतं? आता तुम्ही मला चावा. पण मी सोडणार नाही."

मामूंनी हात झटकला, पण पडून राहिले.

दुसऱ्या दिवशी रक्तातल्या पांढऱ्या पेशी कोसळल्या. ताप चढला, लघवी कमी झाली, त्यांना आयसीयूत हलवलं. रुहान काचेबाहेर उभा राहून रडला, आणि त्या दिवशी तो यम्नाशी मराठीत बोलला. "आपा, माझे अब्बा जगतील ना?" तिला होय म्हणता आलं नाही. इन्शाल्ला, एवढंच म्हणाली.

संग्रहालयात तिनं प्रमुखांना गाठलं. उघड्या पानावर फक्त गुण होते. हा कंद जीव घेऊ शकतो, हा इशारा पान उलटल्यावर येत होता.

"हे संग्रहालय आहे, दवाखाना नाही," प्रमुख म्हणाले.

"माझे मामू आयसीयूत आहेत, सर."

ते उठून पेटीपाशी गेले. मग पेटीवर अरबी, इंग्रजी आणि हिंदीत इशारा लावायची परवानगी दिली.

मामू वाचले. वॉर्डात आले तेव्हा त्या विषानं केस गळून उशीवर पुंजके पडत होते. मामी ते मुकाट्यानं गोळा करायची. पहिले काही दिवस ते यम्नाशी बोललेच नाहीत. जहूरकडे चौकशीला माणसं गेली होती, त्याचं दुकान काही दिवस बंद राहिलं होतं.

मग एका संध्याकाळी जहूरच भेटायला आला. खुर्चीवर अवघडून बसला.

"भाईजान, मला माहीत असतं तर हातसुद्धा लावला नसता," तो म्हणाला. "सगळा माल फेकून दिला. दोघंतिघं आणखी घेऊन गेले होते, तुमचं नाव सांगून. त्यांना फोन करून परत मागवला."

मामूंनी डोळे मिटले. "माझं नाव सांगून?"

"तुम्हीच त्या पानाचा फोटो पाठवला होतात सगळ्यांना."

मामूंनी हाताची सुई सांभाळत कूस वळवली आणि यम्नाला म्हणाले, "पोरी, तो फोटो कुणाकुणाकडे गेलाय ते बघ. प्रत्येकाला फोन लाव. मी स्वतः बोलतो."

यम्नानं मोबाइल काढला. पहिला फोन अबू धाबीकडच्या रुवैस गावी लागला. पलीकडच्या माणसानं कंद आणला होता, अजून उकळला नव्हता.