भरली पाटी

अर्नाळ्याच्या मासळी बाजारात माझी थोरली जाऊ हंसा पाटी रिकामी झाल्याशिवाय कधी उठली नाही. धाकट्याच्या वेळी पोटात कळा सुरू झाल्या, तरी उरलेले बोंबील विकून मगच ती बाळंत व्हायला गेली. आणि भावही उतरवला नाही.

कॅन्सर निघाला तेव्हा आम्ही रडलो. हिने डॉक्टरीणबाईंशी घासाघीस केली. "माशाला हात लावायचा नाय, बर्फाला नाय, गर्दीत बसायचं नाय. तोंडाचं काय बोलल्या नाय तुम्ही!" बाई हसल्या, पण एक गोष्ट त्यांनी तिच्याकडून वदवून घेतली. केमो चालू असताना हुडहुडी भरली, तर असेल तिथून उठायचं आणि थेट हॉस्पिटल गाठायचं. आधी गोळी घेऊन ताप लपवायचा नाही. अंगात लढायची ताकद नसते, साधा तापही जीव घेऊ शकतो.

मग मी पाटीवर आणि ती लांब सावलीत, मास्क लावून, माझ्या डोक्यावरून भाव ओरडत. औषधाने तोंडावर, गळ्यावर पुरळ उठलं. कोणी हळद सांगितली, कोणी खोबरेल. हिने नखं बारीक कापली, ऊन टाळलं, दिलेल्या मलमाशिवाय काही लावलं नाही. एक गिऱ्हाईक बिचकून मागे सरलं, तर म्हणाली, "लागत नाय गो हे. लागत असतं तर तुला फुकट दिलं असतं!" किती आग होत असेल, ते तिने कधी कळू दिलं नाही.

त्या रविवारी पाटी सरंग्यांनी गच्च भरलेली, गिऱ्हाइकांची झुंबड. आणि भर उन्हाळ्यात हंसाचे दात वाजू लागले. "हिव भरलंय," म्हणत शेजारणीने चादर आणली, मी तापाची गोळी काढली. तिने माझा हात बाजूला सारला आणि उठली. भरल्या पाटीवरून! तशीच कुडकुडत रिक्षापर्यंत गेली, मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. मी आ वासून बघत राहिले. खरं सांगते, तिथेच हात जोडावेसे वाटले.

हॉस्पिटलात सलाईन लागलं, अँटिबायोटिक सुरू झालं. "वेळेवर आल्या म्हणून," एवढंच डॉक्टरीणबाई म्हणाल्या. संध्याकाळी हंसाने डोळे उघडले, तर मी शेजारी.

"पाटी?"

"तिथंच. मी पन तुझ्या मागून आले ना."

अंगात त्राण नव्हतं, पण आवाज बाजारातलाच. "तू कशाला उठलीस? हिव मला आलं व्हतं!"