अर्ध्या कोयत्याचा रविवार

त्या रविवारी सकाळपासून चंदाबाईच्या पायाला भिंगरी लागली होती. अंगण झाडून झालं, शेळीपुढे पाला टाकून झाला, ओट्यावर सतरंजी अंथरून झाली. मग तीच सतरंजी उचलून, झटकून, पुन्हा अंथरून झाली. बसायला मात्र कोणी नव्हतं.

तिला प्रार्थनेला दुसरं माणूस पाहिजे होतं. फार नाही, एकच.

अकरा वर्षांपूर्वी दिग्रसचे पास्टर तांड्यात पहिल्यांदा आले, तेव्हा त्यांनी सांगितलं होतं की दोघं-तिघं प्रभूच्या नावानं जमतात तिथं तो असतो. बाकीच्यांनी ऐकून माना डोलावल्या. चंदाबाई आणि तिचा नवरा गुलाबसिंग मात्र ऊसतोडीला जाणारं जोडपं. त्यांना हे तिथल्या तिथं पटलं. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतात. एकटं माणूस म्हणजे अर्धा कोयता, आणि अर्ध्या कोयत्याला मुकादम गाडीत चढू देत नाही. देवाकडेही तोच नियम असणार, असं चंदाबाईनं मनाशी पक्कं केलं. पास्टरांना तिनं कधी विचारलं नाही. शहरातला माणूस, त्याला उसातलं काय कळणार!

तेव्हापासून एक रविवार चुकला नव्हता. तांड्यात असले की या ओट्यावर, तोडीला गेले की उसाच्या पाचटाच्या झोपडीत, कोपीत. गुलाबसिंग बायबलचं पुस्तक वाचायचा, ती खंजिरी घेऊन बंजाऱ्यांच्या गोरबोलीत स्वतः जुळवलेली गाणी म्हणायची. पहिली काही वर्षं वाईट गेली. तांड्याची पंचायत बसली, लग्नाची बोलावणी थांबली. हापशीवर तिची घागर आली की बाकीच्या बाया आपल्या घागरी बाजूला ओढायच्या. चंदाबाई तोंडाची तिखट, तीही म्हणायची, "घ्या बाजूले, मले जागाच पाह्यजे होती." घरी येऊन रडायची ते वेगळं. पुढे आणखी चार घरं प्रभूच्या विश्वासात आली, बायांच्या घागरीही हळूहळू जवळ सरकल्या.

मग यंदा पोळ्याच्या आधी गुलाबसिंगच्या छातीत कळ आली आणि दोन दिवसांत माणूस गेला. त्याला पुरायचं होतं. तांड्याच्या मसणात जागा मिळणार नाही, असं पंचायतीनं ठरवलं, आणि तो निरोप घेऊन दारात आला बाबूसिंग नायक. तांड्याचा मुखिया आणि गुलाबसिंगचा लंगोटीयार. मुलगा जीवन यानं शेताच्या बांधावर, धुऱ्यावर, खड्डा खणला. त्या दिवसापासून नायक समोरून आला की चंदाबाई पदर ओढून दुसऱ्या वाटेनं जायची.

रविवार मात्र चुकले नाहीत, पुस्तक आता जीवन वाचायचा. दिवाळी झाली आणि उसाच्या गाड्या लागल्या. जीवन, त्याची बायको अंजू, चारही घरांतली कामाची माणसं गुरुवारी उसाला गेली. चंदाबाईनंही बोचकं बांधलं होतं. मुकादमानं तिच्याकडे पाहिलं, तिच्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं आणि म्हणाला, "मावशी, अर्धा कोयता नाई चालत."

गाडी गेल्यावर पारावर कोणीतरी हसत बोललं, "गुलाब गेला, आता याहिची प्रार्थना बी गेली." ते वाक्य गुरुवारपासून तिच्या पोटात काट्यासारखं रुतलं होतं. आजचा रविवार चुकला तर ते खरं ठरणार होतं. मग अकरा वर्षं सोसलं ते कशासाठी?

ती पहिल्यांदा भागीरथा म्हातारीकडे गेली. विश्वासातल्या माणसांपैकी तीच एक मागे राहिली होती. दाराला कुलूप. शेजारणीनं सांगितलं, "काल पोरगी आलती आर्णीहून. गाडीवर बसवून घेऊन गेली. तुले सांगतलं नाई काय?" नव्हतं सांगितलं. चंदाबाई कुलपाकडेच रागानं बघत राहिली.

घरी येऊन तिनं जीवनला फोन लावला. तिकडे कोयत्यांचा सपसप आवाज येत होता.

"याडी," आईला तो याडीच म्हणायचा, "आता नाई बोलता येत. टायरगाडी भरून राह्यलो."

"बोलू नको. कानाले लावून ठेव फक्त. मी म्हणते, तू आमेन म्हण."

"बरं, म्हण."

तिनं डोळे मिटले, गाणं घेतलं. दुसरं कडवं संपलं तेव्हा लक्षात आलं की फोन कधीच कटला होता. आता हे धरायचं की नाही? अर्ध्यात सुटलेली मोळी मुकादम धरत नाही. पुन्हा लावला, लागला नाही. मग पास्टरांना लावला. ते कळंबकडे दुसऱ्या मंडळीत होते.

"चंदाबाई, एकटीनं केली तरी देव ऐकतो," ते समजावून म्हणाले. "नियम नाही तो."

"एकटीनं त मी रोजच करते, पास्टर. रविवारची बैठक वेगळी राह्यते."

"तशी बैठकही..."

"बरं, ठेवते," म्हणून तिनं फोन ठेवला. विधवेची समजूत घालतात झालं. पास्टर चांगला माणूस, पण चांगल्या माणसाला खोटं बोलायची सवय असते.

ती पुन्हा बाहेर पडली. कोणाकडे जायचं ते ठरलं नव्हतं. घरात बसवत नव्हतं एवढंच. अर्ध्या दारांना कुलपं, उरलेल्या बाया कापूस वेचायला गेलेल्या. सेवालाल महाराजांच्या मंदिरापुढच्या पारावर एकटा बाबूसिंग नायक काठी धरून बसला होता. तिनं पदर ओढला.

"काय हरपलं वं, चंदाबाई? तिसऱ्यांदा चालली इथून."

तीन महिन्यांत ती त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती. पण त्या घटकेला डोकं इतकं तापलं होतं की तोंडातून निघूनच गेलं. "माणूस हरपलं! प्रार्थनेले दुसरं माणूस पाह्यजे. एकटीची होत नाई."

नायकानं काठीची मूठ दोनदा फिरवली. "मी आलो त चालते काय?"

"तुम्ही?" चंदाबाईचा आवाज चढला. "माह्या माणसाले चार हात जागा नाई देली ते तुम्ही?"

"हो, थोच मी." त्यानं मान वर केली नाही. "चार तांड्याचे लोक बसले होते. माह्यानं बोलणं झालं नाई. गुलाब अन मी एका पाटीवर लिहाले शिकलो, अन मी त्या दिवशी खाली मान घालून बसलो."

"मले कायले सांगता? त्याले सांगाचं होतं."

ती तरातरा निघाली. मागून काठीची टकटक येत राहिली. मागे वळून त्याला हाकलावं असं तिला चारदा वाटलं, चारही वेळा ती वळली नाही. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. चंदाबाईला अक्कल होती, पण उन्हं छपरावरून ओट्यावर उतरली होती आणि तांड्यात सोबत बसायला दुसरं कोणी नव्हतं.

नायकानं चपला काढल्या आणि सतरंजीच्या कडेला टेकला.

"आत बसा. लोक पाह्यतीन."

"पाहू दे."

रस्त्यानं दोन म्हातारे जाता जाता थबकले, पाहिलं, आणि पुढे गेले. तांड्यात ही बातमी घटकाभरात फिरणार हे दोघांनाही ठाऊक होतं. चंदाबाईनं गाणं म्हटलं. सुरुवातीला आवाज फाटला, मग लागला. नायक टाळी वाजवत नव्हता, पण त्याचा अंगठा काठीवर ताल धरत होता. मग तिनं पुस्तक त्याच्यापुढे ठेवलं. तिला वाचता येत नव्हतं आणि तो चौथीपर्यंत गेलेला. चष्मा नाकावर ओढून, बोट ठेवून, एकेक अक्षर फोडत त्यानं अर्धं पान वाचलं. ज्या पुस्तकावरून त्यानं पंचायत बसवली होती ते तो आज पहिल्यांदा उघडत होता. मध्ये एकदा थांबून म्हणाला, "गुलाब लवकर वाचे."

"हो," चंदाबाई म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, त्याचाही तिला राग आला.

शेवटी प्रभूनं शिकवलेली प्रार्थना. ती तिला तोंडपाठ, झोपेतसुद्धा म्हणेल अशी. हात जोडून ती सुरू झाली आणि रोजची भाकरी मागायच्या ओळीपर्यंत सुरळीत आली. पुढे क्षमेची ओळ होती. आमचं ज्यांनी वाईट केलं त्यांना आम्ही माफ केलं आहे, असं तिथं स्वतःच्या तोंडानं देवाला सांगायचं असतं. चंदाबाईचं घोडं तिथं अडलं. तिनं तोंड उघडलं, शब्द आला नाही. धुऱ्यावरची ओली माती डोळ्यांपुढे आली, खड्डा खणणारा जीवन आला. पुन्हा प्रयत्न केला, तरी नाही.

ती थांबली तशी नायकाला वाटलं, प्रार्थना संपली. "आमेन," तो म्हणाला.

"झाली नाई अजून."

"मंग थांबली काहून?"

"अडलं."

"कुठं?"

"तुमच्यापाशी," चंदाबाई म्हणाली. डोळे उघडून तिनं त्याच्याकडे सरळ पाहिलं. "पुढं म्हणा लागते की मी माफ केलं. मी नाई केलं. देवासमोर खोटं कसं बोलू?"

नायकानं डोक्याचा फेटा काढून मांडीवर ठेवला. फेट्याशिवाय तो फार म्हातारा दिसत होता.

"मंग आज सोडून दे थे ओळ," तो हळू म्हणाला. "होईन तवा म्हण. पुढच्या रविवारी पाहू."

"पुढच्या रविवारी?"

"मी येतो ना."

चंदाबाईनं ती ओळ सोडली आणि पुढची धरली. शेवटी दोघांनी आमेन म्हटलं, तो थोडा मागून. अकरा वर्षांत पहिल्यांदा तिची प्रार्थना एका ओळीनं अपुरी राहिली होती. नायक काठी टेकत उठला, चपला शोधू लागला.

"नायक," ती म्हणाली, "दहा वाजता या. उशीर झालेला मले चालत नाई."