पुढे कोणी नाही त्यांची वंशावळ

पुतणीला बारावीला चांगले मार्क पडले आणि आमच्या घराण्याला पहिल्यांदाच पूर्वजांची गरज लागली. एरवी सर्वपित्रीला खीर-वडे आणि कावळ्याची मनधरणी, एवढाच आमचा त्यांच्याशी व्यवहार. आता नर्सिंगच्या प्रवेशाला जातपडताळणी पाहिजे, पडताळणीला जुना पुरावा पाहिजे, आणि पुरावा म्हणजे आपला कोणीतरी मेलेला माणूस सरकारी कागदावर सापडला पाहिजे. धाकटा भाऊ रोह्याच्या आतल्या गावात भातशेती करतो. त्याने फोन केला, "दादा, तू कागदातला माणूस. तूच बघ." मी डोलवीला कंपनीच्या वजनकाट्यावर कंत्राटी कारकून. भरलेल्या ट्रकचं वजन, रिकाम्या ट्रकचं वजन, मधला फरक. यात पूर्वज शोधायची विद्या कुठून येणार? पण मी हो म्हटलं. त्या दिवसांत मी कशालाही हो म्हणत असे.

आमचा एकुलता एक मुलगा आदल्या वर्षी कावीळ होऊन गेला. वीस वर्षांचा होता. लोक म्हणायचे, बाप खंबीर आहे. खंबीर कसला, मला काही वाटतच नव्हतं. रात्रभर अंगाखाली दबलेला हात सकाळी आपला वाटत नाही, तसा मी सगळाच माझा वाटत नव्हतो. शिफ्टला जायचो, रामवाडीला घरी यायचो, ताटात पडेल ते जेवायचो. बायको रडायची. खोटं कशाला सांगू, मला तिचा हेवा वाटायचा.

रोह्याला कचेरीजवळ एका झेरॉक्सच्या दुकानात एक एजंट बसतो. भाऊ आणि मी त्याच्यापुढे जाऊन बसलो. तो म्हणाला, आधी वंशावळ. मी सांगत गेलो, तो चौकटी काढत गेला. पणजोबा, त्याखाली आजोबा, त्याखाली वडील, त्याखाली आम्ही दोघे भाऊ. भावाच्या खाली पुतणीचं नाव आलं. मग माझ्या चौकटीखाली पेन टेकवून त्याने विचारलं, "तुम्हाला?"

भावाने माझ्याकडे न बघता सांगितलं, "पोरगा होता. गेला."

"मग र्‍हाऊ दे," एजंट म्हणाला. "ज्यांच्या पुढं कोण नाय, त्यांना दाखवायचं नाय. उगाच फाटे फुटतात, मग वरचे विचारत बसतात." त्याने माझ्या चौकटीखाली आडवी रेघ मारली. माणूस वाईट नव्हता, रोज असल्या दहा वंशावळी काढणारा. मला राग यायला हवा होता. मला फक्त दिसलं की रेघ तिरकी आलीय.

घरी आल्यावर बायकोने पहिलाच प्रश्न विचारला, "त्याचं नाव कुठं घातलंत?"

"अजून व्हायचंय," मी म्हटलं.

तिला माझं थापा मारणं लगेच कळतं. "रेशनकार्डावरनं काढलंत तवा मी गप बसले," ती म्हणाली. "ह्याच्यातनं नाय काढू द्यायची. आपल्या मागं त्याचं नाव कोण घेणार हाय? निदान घराण्याच्या कागदात तरी र्‍हाऊ दे." मी बघतो म्हणालो. बघतो म्हणजे काय ते आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक असतं.

गावच्या घरात पत्र्याची एक पेटी आहे. सारा भरल्याच्या पावत्या, एक वाळवी लागलेली पोथी, आणि मोडीतले काही कागद. आजोबा शाळेत गेले नाहीत आणि वडिलांच्या दाखल्यावर गुरुजींनी जातीच्या रकान्यात नुसतं 'हिंदू' लिहून काम संपवलेलं, म्हणून या पेटीवर सगळी भिस्त. मोडी वाचणारे एक निवृत्त मास्तर रोह्यातच मिळाले. त्यांनी कागद चाळून सांगितलं की यात जात कुठेच नाही, पण एक तंटा आहे. आमच्या पणजोबांच्याही आजोबांचा, शेताच्या बांधावरून. पंचांनी सांगितलं, देवळात बेलभंडार उचल आणि शपथ घे, जमीन तुझी. त्याने जबाब दिला की आम्ही माळ घातलेली माणसं, शपथ घेत नाही, बोललो तेच खरं. जमीन अर्थात गेली.

मला हे नवीन नव्हतं, फक्त कागदावर पहिल्यांदा दिसत होतं. लहानपणी गावात आमच्या घराला 'मुक्यांचं घर' म्हणत. त्या माळवाल्यांनी कोंबडं-बकरं सोडलं, दारू सोडली, शिमग्याच्या शिव्या सोडल्या, आणि चार घरं मिळून संध्याकाळी नुसती गप्प बसत म्हणे. टाळ नाही, मृदंग नाही. गावाने त्यांना वेड्यात काढलं. पुढच्या पिढ्यांनी मटण सुरू केलं, दारूही केली, गप्प बसणं तेवढं टिकवलं. भाऊ मास्तरांना म्हणाला, "ह्याच्यात आमचा दादा बसतो." मास्तर हसले. मीही हसलो असेन.

पुरावा शेवटी कचेरीच्या रेकॉर्डमध्ये सापडला, गावच्या जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदवहीत. मास्तर बोट फिरवत वाचत होते, भाऊ शेजारी उभा होता. एका ओळीवर बोट थांबलं. पणजोबांचं नाव, गावाचं नाव, जातीच्या रकान्यात 'कुणबी', स्वच्छ. भावाने माझा दंड धरला. "भेटला! पणजोबा भेटला!"

"पणजोबांचा जन्म नाही हा," मास्तर म्हणाले. "मृत्यूची नोंद आहे, त्यांच्या मुलाची. नाव ठेवलेलं नाही. ताप येऊन गेला, बारशाच्या आधीच."

म्हणजे आजोबांचा भाऊ. आम्ही कधी ऐकलंसुद्धा नव्हतं की आजोबांना भाऊ होता. माझा भाऊ म्हणाला, "असू दे कोणी पण, जात लिवलीय ना?" आणि नक्कल मागायला धावला. मी त्या ओळीकडे बघत राहिलो. कोण्या कोतवालाने पायी फिरून ती बातमी दिली असेल, कोणीतरी ती लिहून घेतली असेल. बिननावाच्या पोराला अख्खी एक ओळ दिली होती. त्याचं मला काही वाटलं असं नाही, पण मी तिथून लवकर हललो नाही.

एजंटने नक्कल बघितली आणि खूश झाला. "एक नंबर पुरावा! फक्त ह्या पोराला वंशावळीत घ्यावं लागेल. नाव नाय तर नाय, 'मुलगा' म्हणून. नातं दाखवल्याबिगर नोंद काय कामाची?" त्याने आजोबांच्या बाजूला नवी चौकट काढायला घेतली.

"त्याच्या पुढं कोण नाय," मी म्हटलं.

"काय?"

"त्या पोराच्या पुढं कोण नाय. तुम्हीच म्हणालात, दाखवायचं नाय. त्याला घेताय तर माझ्या पोराला पण घ्या. त्याला तर नाव हाय."

आवाज चढला असावा, कारण झेरॉक्स काढणारा वळून बघू लागला. एजंट म्हणाला, "अहो काका, त्याची गरज..." पण भावाने त्याला थांबवलं. "घाला," तो म्हणाला. "फाटे फुटले तर फुटू दे. माझ्या पोरीचं काम हाय ना? मी सांगतो, घाला." मी भावाकडे बघितलं. तो दुसरीकडेच बघत होता. मी मुलाचं नाव सांगितलं. ते तोंडातून बाहेर पडायला वेळ लागला. वर्षभरात मी ते उच्चारलं नव्हतं, हे मला तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी टाईप केलेला कागद तयार होता. घरातला थोरला म्हणून सही माझी. एजंट घाई करत होता, साहेब जेवायला उठायच्या आत शिक्का व्हायला हवा. मी वाचायला लागलो. प्रत्येक नावापुढे कंसात एक शब्द होता. पणजोबा, मयत. मुलगा, मयत. आजोबा, मयत. वडील, मयत. मग मी, हयात. भाऊ, हयात. पुतणी, हयात. आणि माझ्याखाली माझ्या मुलाचं पूर्ण नाव, कंसात हयात.

टाईप करणाऱ्याने पोरांची पिढी बघून लिहून टाकलं असणार. कोण कशाला विचारतंय? मी ती ओळ पुन्हा वाचली. मला आनंद झाला. दुसरा शब्द नाही त्याला. मुलगा गेल्यापासून मला पहिल्यांदा काही झालं असेल तर ते हे, साधा, उघडा आनंद, जसा त्याचा दहावीचा निकाल बघून झाला होता. माझा मुलगा हयात होता, आणि खाली सही करायला जागा ठेवली होती.

"वाचून झालं का?" एजंटने विचारलं.

वजनकाट्यावरचा कोणताही कारकून सांगेल, चुकीचा आकडा सोडून दिला की पुढे कोणाच्या तरी गळ्याशी येतो. इथे पुतणीच्या आला असता. "चूक हाय," मी म्हटलं आणि बोट ठेवलं. एजंटने जीभ चावली. तेवढ्यात लाईट गेलेली, प्रिंटर बंद. "हातानेच दुरुस्त करा," तो म्हणाला. "हयात खोडा, वर मयत लिहा. आणि खोडलंय तिथं छोटी सही लागते, त्याबिगर चालत नाय."

मुलाला अग्नी देताना माझा हात हलला नव्हता. सगळ्यांनी नंतर तसं सांगितलं. मी पेन घेतलं आणि त्या शब्दावर रेघ मारली. वर लिहिलं, मयत. शेजारी सही केली. मग मी त्या दुकानात, लोकांसमोर, मोठ्याने रडायला लागलो.

भावाने आधी कागद माझ्या हाताखालून काढून घेतला, भिजू नये म्हणून. मग मला धरलं.