सुकटीच्या डब्याचा पट्टा

गेल्या महिन्यात आमच्या रोह्याजवळच्या वरसेच्या घराचं पार कुरिअर ऑफिस झालं होतं. रोज दुपारी गेटवर हॉर्न, आणि रोज माझ्या भाच्याच्या नावाचं एखादं खोकं... नवरा शिफ्टवरून आला की आधी विचारायचा, आज काय आलं?

भाचा म्हणजे रुपेश, माझ्या थोरल्या बहिणीचा एकुलता एक मुलगा. फौजेत आहे. त्याच्या तुकडीला शांतिसेनेतून आफ्रिकेला जायचं होतं.

ताई राहते पेणकडे, खारेपाटात. अख्खा जन्म मिठागरावर गेला तिचा. तिच्या गावापर्यंत कुरिअरवाला जात नाही म्हणून पत्ता माझा दिला, असं रुपेशने सगळ्यांना सांगितलं होतं. खरं कारण त्याने मला एकटीला फोनवर सांगितलं... आईला यातलं काही दिसायला नको.

सरकार देत नाही का रे, म्हणून मी विचारलंच. तो हसला. "देतात मावशी, सगळं देतात. पण जाऊन आलेले म्हणतात, बूट आपल्या पायाचा असावा आणि बॅटरी आपल्या भरवशाची."

म्हणून मग स्वतःच्या पगारातून मापाचे बूट, जाड मोजे, कपाळाला बांधायची बॅटरी, मच्छरदाणी, गुडघ्यांना पॅड. लग्नाचा बस्ता काढावा तशी खरेदी चालली होती. पॅड बघून मी त्याला चिडवलंसुद्धा, की हंडी फोडायला चाललायस का!

आणि मग एक पाकीट आलं. आत दोन काळे पट्टे, प्रत्येकाला एक छोटी दांडी आणि ती अडकवायला खाच. पाकिटावर चित्र होतं... माणसाची मांडी, वर आवळलेला पट्टा, खाली लाल थेंब.

मी लगेच फोन लावला.  तो म्हणाला, गोळीबिळी लागली तर रक्त थांबवायला असतो तो, एक सरकारी मिळतो, हे आपले जास्तीचे. मी ते पाकीट कपाटात साड्यांच्या मागे सारलं आणि दिवसभर त्या कपाटाकडे बघितलं नाही.

इकडे रुपेशला निरोप द्यायला आमच्याकडे येऊन राहिलेल्या ताईची वेगळीच गडबड. आमच्याकडे परदेशी जाणारा म्हणजे गल्फला जाणारा, दुसरं काही कुणाच्या डोक्यातच येत नाही. त्यात रुपेशनेही तिला सांगून ठेवलेलं, कॅम्पातली ड्युटी आहे, एसी आहे. त्यामुळे मसाला, पापड, लोणचं, सुकट... अगदी कुवेतला धाडतात तशी तयारी. आमच्या शेजारच्या फरीदाभाभींचे मिस्टर बरीच वर्षं कुवेतला आहेत. त्या येऊन ताईला खोकं भरायला शिकवून गेल्या, वर चारी बाजूंनी मार्करने नावही घालून गेल्या.

निघायच्या दिवशी सगळा पसारा आमच्या हॉलमध्ये. रुपेश बुटांना जादा शिलाई घालून आणायला रोह्याच्या बाजारात गेला होता. बरण्यांच्या मधे कोंबायला जुनी साडी हवी म्हणून ताईने माझं कपाट उघडलं...

"ह्ये काय गो?"

मी बरणी पुसत म्हटलं, "पट्टा आहे. सामान बांधायचा."

ताईने पाकीट उलटसुलट करून पाहिलं. "बरा हाय की," म्हणाली, आणि त्यातला एक पट्टा घेऊन स्वयंपाकघरात गेली. मी कपाळावर हात मारला. 

रुपेश आला तेव्हा सुकटीचा स्टीलचा डबा टेबलावर होता. झाकणावरून, बुडाखालून काळा पट्टा. नुसता बांधलेला नाही... दांडी पिळून घट्ट केलेली आणि टोक त्या खाचेत अडकवलेलं. अगदी पाकिटावरच्या चित्रात होतं तसं.

त्याचा चेहरा उतरला. तो दांडी सोडवायला लागला.

ताईने त्याच्या हातावर हात ठेवला. "ऱ्हाऊ दे. मना वाचता नाय येत, पन चित्र बगता येतंय."

मला तर जमिनीने पोटात घ्यावं असं झालं. दोघांनी मिळून तिला फसवलं होतं, आणि ती सकाळपासून हसत पापड भरत होती.

रुपेश म्हणाला, "आई, अगं लागत नाही तो कधी. असाच जवळ ठेवायचा असतो."

"मंग डब्यालाच ऱ्हाऊ दे ना," ताई म्हणाली. "त्याचा काम येवढाच होऊ दे. सुकट सांडू नये, येवढाच."

तेवढा मोठा, मिशीवाला जवान आईच्या खांद्यावर डोकं टेकून रडला. मीही रडले, त्यात लपवण्यासारखं काय आहे... फक्त ताई रडली नाही. दुसरा पट्टा तिने स्वतःच्या हाताने त्याच्या बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवला, पटकन हाताला येईल असा. मग डबा कापडात गुंडाळून त्याला दिला.

आज सकाळी त्याचा फोटो आला. तंबू, मच्छरदाणी, चिखलाने माखलेले ते बूट. कोपऱ्यात डबा. मी ताईला फोन करून सांगितलं, सुखरूप आहे, जेवतोय नीट, हवा बरी आहे... तिने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

"पट्टा डब्यालाच हाय ना गो?"

हाय, ताई. डब्यालाच हाय. तो तिथेच राहू दे, देवा.